दीपनगरचा ‘संच’ आणि वीजबिलातले ‘युनिट’

प्रश्न : आमच्या भुसावळ परिसरात दीपनगरला कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे आणि “दीपनगरचे एक युनिट बंद पडले” असे सर्रास बोलले जाते. परवा वडिलांनी हातातले वीजबिल पुढे करून विचारले, “आपण एकटे महिन्याला नव्वद युनिट जाळतो, मग एक युनिट बंद पडले तर एवढी ओरड कशाला?” ही दोन युनिटे निराळी आहेत हे मी त्यांना सांगितले, परंतु त्यांच्यासाठी मराठीत निराळे शब्द आहेत काय?

उत्तर : आहेत, आणि वीजकेंद्रातल्या युनिटासाठीचा ‘संच’ हा शब्द चांगला रुळलेलाही आहे. माझ्या मते तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे. कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची, ही सारी साखळी एकत्र चालते आणि एक कडी निकामी झाली की सगळीच थांबते. ‘युनिट’ म्हटल्याने केवळ ‘एक नग’ एवढेच कळते. ‘संच’ म्हटल्याने मात्र एकमेकांवर अवलंबून असलेली यंत्रे डोळ्यांपुढे येतात. म्हणून “दीपनगरचा ५०० मेगावॅटचा संच बंद पडला” असेच लिहावे.

बिलातले युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट जळते. त्याला शास्त्राच्या पुस्तकात ‘एकक’ म्हणता येईल, पण “नव्वद एकके जाळली” असे कोणी म्हणणार नाही, तेव्हा तिथे युनिटच राहू द्यावे. वडिलांना हिशेब असा सांगावा, की एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, म्हणून ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर पाच लाख युनिट वीज तयार होते.

यातच आणखी एक घोळ आहे. “आज इतके मेगावॅट वीज तयार झाली” हे वाक्य सदोष आहे, कारण मेगावॅट हे त्या क्षणाच्या शक्तीचे माप आहे आणि दिवसभराची निर्मिती युनिटांतच मोजावी लागते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर हा फरक सहज ध्यानात येतो: पवनचक्क्यांची स्थापित क्षमता, म्हणजे त्या जास्तीत जास्त किती मेगावॅट देऊ शकतात तो आकडा, बारा महिने तीच असते, परंतु पावसाळी वाऱ्यात त्या जितकी वीज देतात तितकी इतर वेळी देत नाहीत.

उपप्रश्न : पवनचक्कीत दळण होत नाही, मग ‘चक्की’ कशी? आणि साक्रीच्या सौर प्रकल्पालाही ‘संच’ म्हणावे काय?

उत्तर : वाऱ्यावर धान्य दळण्याचे यंत्र आधी आले आणि नाव मागे राहिले. ‘पवन जनित्र’ अधिक काटेकोर आहे, तरी लोकांच्या तोंडचा शब्द मी मोडणार नाही. सौर प्रकल्पाबाबत मात्र मी ‘संच’ वापरणार नाही. साक्री तालुक्यातल्याच शिवाजीनगरच्या या प्रकल्पात पॅनेलवर ऊन पडले की थेट वीज तयार होते, तिथे वाफ नाही आणि टर्बाइनही नाही, आणि एक पॅनेल बिघडले म्हणून सारा प्रकल्प थांबत नाही.