'डोमेन'ला मराठीत काय म्हणावं?

सातपूरकर: भाचीच्या एम.एस्सी. प्रकल्पाचा मराठी गोषवारा वाचतोय. लोखंडाच्या पातळ थरातलं चुंबकत्व बदलताना सूक्ष्मदर्शकातून टिपायचं, असा विषय. तिने डोमेनला, म्हणजे थरातल्या एकाच दिशेने चुंबकलेल्या भागाला, 'क्षेत्र' लिहिलंय आणि वाक्य झालंय, 'चुंबकीय क्षेत्र वाढवल्यास चुंबकीय क्षेत्र वाढते.' काय करावं?

गोदाकाठ: 'क्षेत्र' हा शब्द फील्डने (बाहेरून लावलेल्या चुंबकीय प्रभावाने) कधीच बळकावलाय. (आणि नाशकात क्षेत्र म्हटलं की आधी त्र्यंबकेश्वर!) मी 'प्रभाग' म्हणेन. पिएर वाइसने १९०७ मध्ये मांडलं तेच हे: लोखंडात लहान लहान भाग असतात, प्रत्येकात अणूंची चुंबकत्वं एका दिशेला, शेजारच्यात दुसऱ्या. प्रभागरचना बदलली की हद्द सरकते, घरं जागच्या जागी राहतात. इथेही अणू हलत नाहीत, फक्त त्यांची दिशा फिरते.

जुना मास्तर: उपमा झकास, पण प्रभाग कुणीतरी आखतो. डोमेन ऊर्जा कमी व्हावी म्हणून आपोआप पडतात. मला 'प्रांत' बरा वाटतो. 'डोमेन वॉल'ला, म्हणजे दोन डोमेनमधल्या सीमेला, मात्र 'भिंत' नको, 'हद्द'च हवी. भिंत म्हटलं की ती सरकेल असं वाटतच नाही.

सातपूरकर: आणि मॅग्नेटायझेशन? तिने सगळीकडे 'चुंबकीकरण' लिहिलंय.

जुना मास्तर: चुंबकीकरण ही क्रिया. पदार्थ किती आणि कुठल्या दिशेला चुंबकलाय ही मोजायची राशी म्हणजे 'चुंबकन'. चित्रात दिसतं ते चुंबकन. तेही थेट नाही. जॉन करने १८७७ च्या सुमारास दाखवलं की चुंबकाच्या चकचकीत पृष्ठभागावरून परतलेल्या ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाची कंपनदिशा किंचित वळते. लोखंडात हे वळण एक अंशही भरत नाही. आडवा धरलेला दुसरा ध्रुवक (एकाच कंपनदिशेचा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) त्यातून काळं-पांढरं उकलतो. तरी फरक इतका पुसट, की आधी एकसारख्या चुंबकलेल्या थराचा फोटो घेऊन तो पुढच्या प्रत्येक फोटोतून वजा करतात. तेव्हा कुठे पट्टे उठून दिसतात. म्हणून 'चुंबकन दिसते' न लिहिता 'चुंबकनातील फरक दिसतो' असं लिहायला सांगा.

अंबडवाला: आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात सगळे डोमेनच म्हणतात, बिघडत काही नाही. कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) पत्र्यावर लेझरने बारीक रेघा ओढतात, त्याने डोमेन अरुंद होतात आणि लॉस, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा, घटतो. 'प्रांत अरुंद केले' म्हणालो तर सुपरवायझर हसेल.

गोदाकाठ: कारखान्यात डोमेन, गोषवाऱ्यात प्रांत. दोन्ही चालू द्या, पहिल्यांदा येईल तिथे 'प्रांत, म्हणजेच डोमेन' एवढं पुरे. 'थर' मात्र राहू द्या हं, कुणीतरी 'मुलामा' सुचवेल. तो भांडी बाजारात शोभतो.

सातपूरकर: तिने पाठवलेला नवा मजकूर: 'क्षेत्र वाढवल्यावर अनुकूल प्रांत पसरतात, हद्द दोषांपाशी अडकतो आणि मग एकदम पुढे उडी घेतो.'

जुना मास्तर: शास्त्र चोख. फक्त 'अडकते' आणि 'घेते' करा. हद्द स्त्रीलिंगी आहे.