टॅपेटचा आवाज नसणं हेही लक्षण असू शकतं

'टकटक ऐकू येत नाही तोवर टॅपेटला (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाला) हात लावू नका' असा सल्ला इथे कुणीतरी दिला आहे. तो पेट्रोलवर बऱ्यापैकी चालतो, सीएनजीवर मात्र घात करतो. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (बंद होताना तो टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट व व्हॉल्व्हमधला गॅप वाढायच्या ऐवजी कमी होतो. इंजिन उलट शांत होत जातं. शेवटी व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता सीटमधून निघून जात नाही आणि तो जळतो.

माझी जुनी मारुती ८०० सीएनजीवर आहे. सकाळी मिसिंग व्हायचं (इंजिन अडखळायचं), प्लग बदलूनही. आवाज अजिबात नव्हता. कोथरूडच्या पार्किंगमध्ये रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं कव्हर उघडलं, तर एका एक्झॉस्टला गॅप मोजायच्या फीलर गेजचं ०.०५ मिमीचं पातंही शिरेना! गॅप मॅन्युअलमधल्या मापावर लावला, मिसिंग गेलं. गॅप लावायचा स्क्रू जागेवर धरणारा चेकनट आवळताना तो स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पातं पुन्हा घालून बघाच. आणि कव्हरचं पॅकिंग पुण्यातल्या नाना पेठेतून, म्हणजे स्पेअर पार्टच्या बाजारातून, आधीच आणून ठेवा, कडक झालेलं जुनं परत बसवलं की तेल गळतं. हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप जुळवणाऱ्या) गाड्यांना यातलं काही करावं लागत नाही.