चेनप्लेट काढून पाहाव्यात की वरून सिलिकॉन भरणे पुरेसे आहे?

प्रश्न – बंदरकाठी
गेल्या वर्षी मी सुमारे ३० फुटांची, फायबरग्लासची जुनी शिडाची नौका घेतली. एरवी ती अपोलो बंदरासमोर नांगरलेली असते; पावसाळ्यासाठी आता किनाऱ्यावर ओढून घेतली आहे, डोलकाठी मात्र अजून उभीच आहे. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना जखडलेल्या असतात त्या चेनप्लेट डेकच्या वर चकचकीत दिसतात. परंतु उजवीकडच्या एका पट्टीखाली, केबिनमधल्या प्लायवुडच्या बल्कहेडवर (आडव्या भिंतीवर), तपकिरी ओघळ उतरला आहे. मिस्त्री म्हणतात की स्टेनलेसला काही होत नाही, फटीत पुन्हा सिलिकॉन भरावे. आपले मत काय?

उत्तर – जुना खलाशी
मिस्त्रींचा सल्ला मानू नये. स्टेनलेस पोलाद टिकते ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर पुन्हा पुन्हा सांधला जाण्यासाठी प्राणवायू लागतो. पट्टी डेकमधून आरपार जाते त्या दीड-दोन इंचांत खारे पाणी मुरते, हवा पोहोचत नाही, आणि बाहेरून काहीही न दिसता धातू आतून खाल्ला जातो. म्हणजे जो भाग डोळ्यांना दिसतो तो बहुधा शाबूत असतो आणि जो दिसत नाही तोच तुटतो. वरून सिलिकॉन भरल्याने आधीच आत शिरलेले पाणी कोंडले जाते, एवढेच. तो ओघळ हाच पुरेसा पुरावा समजून पट्टी बाहेर काढा.

त्यासाठी डोलकाठी उतरवण्याची गरज नाही. वारा पडलेल्या सकाळी, एका वेळी एकच पट्टी काढावी. त्याआधी डोलकाठीच्या माथ्यावरून येणारे हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवण्याचा दोर, त्याच बाजूच्या दुसऱ्या भक्कम चेनप्लेटला ताणून बांधावे. कठड्याच्या खांबाला बांधू नये. तो असा ताण घेण्यासाठी नसतो. वळवाचे ढग दिसत असतील तर त्या दिवशी कामाला हातच लावू नका.

उत्तर – वर्कशॉपवाला
पट्टी निघाल्यावर घासून स्वच्छ करा आणि डाय पेनेट्रंट लावून तपासा: लाल द्रव फवारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचे, पुसून काढायचे, मग पांढरा डेव्हलपर मारायचा, भेग असेल तर लाल रेघ उमटते. तार पट्टीला जोडणाऱ्या खिळीचे (क्लेविस पिनचे) भोक लांबट झाले आहे का, तेही पाहा. बोल्ट मात्र तपासत बसू नका, सरळ नवे घाला.

नवी पट्टी ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची करून घ्या. तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ३०४ या नेहमीच्या प्रतीत नसते, आणि खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो त्यानेच. मुंबईच्या गुलालवाडीतल्या धातूबाजारात पत्रा घेताना अनेकजण लोहचुंबक लावून पाहतात, पण या दोन प्रतींतला फरक त्याने कळत नाही. तपासणीचा दाखला मागावा किंवा मॉलिब्डेनम ओळखणारे रसायन लावून पाहावे. जाडी, भोकांची जागा आणि वाक मूळ पट्टीबरहुकूम ठेवा, कारण ताण तारेच्याच रेषेत यायला हवा. शेवटी पॉलिश करून पॅसिव्हेशन (आम्लाने धुऊन संरक्षक थर नीट बसवणे) करून घ्या.

बंदरकाठी
आपल्या सांगण्यावरून पट्टी काढली. डेकच्या जाडीत नेमकी आडवी भेग निघाली, जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत. आता सगळ्याच बदलतो आहे. तिथे डेकच्या आतले लाकूड ओले लागते. त्याचे काय करावे?

उत्तर – जुना खलाशी
कुजलेले तेवढे कोरून काढा आणि उरलेले पूर्ण वाळू द्या. पावसाळी हवेत याला आठवडे लागतात, तेव्हा वर ताडपत्री आणि आत दिवा ठेवावा. मग त्या पोकळीत घट्ट केलेले इपॉक्सी भरून, ते कडक झाल्यावर पट्टीपुरती खाच पाडा, म्हणजे पुढे गळती झाली तरी लाकडाला पाणी लागणार नाही. पट्टीभोवती ब्यूटाइल टेप (मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी) वापरा, पुढच्या वेळी काढणे सोपे जाते. बल्कहेडचे प्लायवुडही बोल्टच्या भोकांपाशी टोचून पाहा. ते मऊ असेल तर नवी पट्टी कशालाच धरून राहणार नाही.