ए प्लस परीक्षा: सराव चांगला होतो, पण घड्याळ लावले की काही सुचत नाही

हिरवी_वेल यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातील एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करते आणि माझी पाळी बहुतेक वेळा रात्रीची असते. पासवर्ड बदलून देणे, आउटलुकचे प्रोफाइल नव्याने तयार करणे, न जोडले जाणारे व्हीपीएन, अचानक रुसणारे प्रिंटर अशा तिकिटांची आता चांगली सवय झाली आहे. पुढच्या पातळीच्या कामासाठी कॉम्पटिया या संस्थेचे संगणक तंत्रसाहाय्याचे ए प्लस प्रमाणपत्र असावे, असे वरिष्ठांनी सुचवल्यामुळे मी त्याच्या दोन पेपरांपैकी कोअर १, म्हणजे २२०-१२०१ या पेपरची तयारी सुरू केली आहे. कोअर २ त्यानंतर देणार आहे.

अभ्यास समजत नाही, अशी माझी तक्रार नाही. एकेका प्रकरणाखालचे प्रश्न मी व्यवस्थित सोडवते. मात्र ९० मिनिटांचे घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षेला बसले की सुरुवातीलाच तळहातांना घाम फुटतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही अर्थ लागत नाही, आणि एरवी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल ती गोष्टही आठवत नाही. परवाच्या सरावात एका संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्याचे दिले होते. अशा संगणकाला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नसतो, हे मी फोनवर अनेकांना समजावून सांगितले आहे. पण घड्याळ समोर असताना चारही पर्याय सारखेच बरोबर वाटू लागले. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे इंग्रजीतील लांबलचक प्रश्न वाचताना ही धास्ती आणखी वाढते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाठ केलेले पोर्ट क्रमांक (प्रत्येक नेटवर्क सेवेचा ठरलेला क्रमांक) आणि केबलचे प्रकार ऐन वेळी आठवावेत, यासाठी अभ्यासाची पद्धत बदलावी का? परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर जाऊन? आणि एका सहकाऱ्याने परीक्षेआधी घ्यायची एक गोळी सुचवली आहे, ती घेणे योग्य ठरेल का?

मदरबोर्ड यांचा प्रतिसाद

मी गेली काही वर्षे हार्डवेअर आणि नेटवर्किंगचे वर्ग घेतो, त्यामुळे गोळीचा प्रश्न जाणकारांवर सोपवून अभ्यासाबद्दल लिहितो.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून असे दिसते की आपला अभ्यास ओळखण्यापुरता झालेला आहे. स्वतःहून आठवण्याचा सराव कमी पडतो. व्हिडिओ पाहताना आणि टिपणे पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान, असा आपला समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात स्पष्टपणे जास्त राहिले होते. आपल्या दृष्टीने दुसरी एक पाहणी अधिक महत्त्वाची आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वर्गात नियमितपणे असा आठवण्याचा सराव करणाऱ्या अमेरिकेतील शाळकरी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी त्यामुळे परीक्षेची भीती कमी झाल्याचे सांगितले.

म्हणून पोर्ट क्रमांकांची यादी वाचत बसू नका. कोऱ्या कागदावर ती आठवून लिहा: एसएसएच २२, डीएनएस ५३, डीएचसीपी ६७ आणि ६८, आयमॅप १४३, एसएमबी ४४५, आरडीपी ३३८९. जे सुटले तेवढेच पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करा. शिवाय प्रत्येक क्रमांक आपल्या एखाद्या तिकिटाशी जोडा. ३३८९ बंद असल्यामुळे ज्याचे रिमोट डेस्कटॉप चालत नव्हते, असा एखादा ग्राहक आपल्याला भेटलाच असेल. तो आठवला की क्रमांक आठवतो. नुसती घोकंपट्टी घामाबरोबर वाहून जाते.

अभ्यासाचा वेळ कशावर खर्च करायचा, हेही ठरवून घ्यावे. कोअर १ मध्ये समस्यानिवारणाला २८ टक्के, हार्डवेअरला २५ टक्के आणि नेटवर्किंगला २३ टक्के वजन आहे. मोबाइल उपकरणे १३ टक्के आणि व्हर्च्युअलायझेशन व क्लाउड ११ टक्के. समस्यानिवारण तर आपण रोज करता, म्हणजे पेपरातील सर्वांत मोठा वाटा आपल्या रोजच्या कामाचाच आहे. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही; वेळेचे वाटप करताना त्याचा उपयोग आहे.

आता प्रश्न वाचण्याबद्दल. ही परीक्षा मराठीत किंवा हिंदीत देता येत नाही, त्यामुळे इंग्रजी वाक्याचा धसका पद्धतीनेच घालवावा लागतो. आधी शेवटचे वाक्य वाचा, कारण नेमके काय विचारले आहे ते तेथे असते. मग वरचा प्रसंग वाचा. ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट लाइकली’ हे शब्द बरेचदा मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि उत्तर त्यांच्यावर ठरते. उदाहरणार्थ, तंत्रज्ञाने खराब केबल बदलली आणि वापरकर्त्याचे नेटवर्क सुरू झाले. यानंतर त्याने काय करावे? घाईत ‘नोंद करून तिकीट बंद करावे’ हा पर्याय निवडला जातो, कारण कामावर आपण बहुधा तेच करतो. परंतु कॉम्पटियाच्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत समस्या ओळखणे, संभाव्य कारण मांडणे, ते तपासणे, योजना आखून ती अमलात आणणे यांनंतर संपूर्ण यंत्रणा नीट चालते का याची खात्री करणे येते आणि नोंद सर्वांत शेवटी येते. हा क्रम पक्का असेल, तर गोंधळलेल्या अवस्थेतही चारपैकी दोन पर्याय लगेच बाद करता येतात.

शेवटचा मुद्दा पीबीक्यूंचा, म्हणजे ज्यांत पडद्यावर प्रत्यक्ष जोडणी किंवा मांडणी करून दाखवायची असते अशा प्रश्नांचा. ते बहुधा सुरुवातीलाच येतात आणि धास्ती वाटणाऱ्या परीक्षार्थीचे अवसान तेथेच गळते. त्यांना खूण करून पुढे जाता येते. आधी बहुपर्यायी प्रश्न संपवा आणि पीबीक्यूंसाठी वीसेक मिनिटे राखून ठेवा. हा निर्णय परीक्षेत घ्यायचा नाही; आत जाण्याआधीच तो पक्का झालेला असला पाहिजे आणि प्रत्येक सराव परीक्षा त्याच क्रमाने दिलेली असली पाहिजे. एकूण प्रश्न जास्तीत जास्त ९० असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सावकाश यांचा प्रतिसाद

मी समुपदेशक आहे, त्यामुळे उरलेल्या बाजूबद्दल लिहितो.

परीक्षेच्या धास्तीचे दोन भाग मानले जातात आणि लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये केलेली ही विभागणी आजही उपयोगी पडते. एक भाग शरीराचा: घाम, धडधड, कोरडा पडलेला घसा. दुसरा भाग काळजीचा: ‘नापास झाले तर कंपनीत काय म्हणतील’ हे मनात सतत चाललेले बोलणे. गुणांचे नुकसान मुख्यतः दुसरा भाग करतो, कारण प्रश्नातील तपशील डोक्यात धरून ठेवण्यासाठी मनाची जी जागा लागते तीच ही काळजी अडवून बसते. आपल्याला ओळ वाचूनही अर्थ लागत नाही, याचे कारण हेच असावे. घाम येणे बंद झाले पाहिजे, असा हट्ट धरू नका. घाम येत असतानाही उत्तरे देता येतात.

काळजी कमी करण्याचा एक साधा उपाय रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे आपल्याला कशाची भीती वाटते ते मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, आणि नेहमी धास्तावणाऱ्यांना त्याचा अधिक फायदा झाला. सर्वांनाच तो सारखा लागू पडतो असे नाही, म्हणून आधी सराव परीक्षेपूर्वी करून पाहा. ते लिखाण कोणाला दाखवायचे नसते. शरीरासाठी श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवणे पुरेसे आहे. चार मोजत घ्या, सहा किंवा आठ मोजत सोडा. हेही ऐन वेळी प्रथमच करून उपयोग होत नाही.

गोळीविषयी स्पष्ट लिहितो. आपल्या सहकाऱ्याने सुचवलेली गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल असावी. ती हृदयाची धडधड आणि हातांचा कंप कमी करते. पण दमा असणाऱ्यांना ती धोकादायक ठरू शकते आणि रक्तदाब किंवा नाडी मुळात कमी असेल तरीही जपावे लागते. झोपेच्या किंवा शामक गोळ्यांनी तर आठवण्याची क्षमताच मंदावते. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नका, आणि त्यांनी दिली तरी पहिली मात्रा परीक्षेच्या दिवशी नको.

धास्ती केवळ या परीक्षेपुरती नसून झोप, जेवण आणि रोजचे काम यांवरही परिणाम करत असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. निदान झालेला चिंताविकार असल्यास वाढीव वेळेसारखी सवलत मागण्याची सोय कॉम्पटियाच्या परीक्षांना आहे. मात्र ती कागदपत्रांसह आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि मंजुरीनंतरच तारीख घ्यायची असते.

रात्रपाळीचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून जाता जाता: पाळी संपवून थेट सकाळच्या परीक्षेला बसणे टाळा. ज्या वेळी आपण एरवी झोप पूर्ण करून ताज्या असता, तीच वेळ निवडा आणि सराव परीक्षाही त्याच वेळी द्या.

ओसरी यांचा प्रतिसाद

घर की केंद्र, एवढ्यापुरतेच लिहिते. मी दोन्ही प्रकारे वेगवेगळ्या परीक्षा दिल्या आहेत आणि धास्ती वाटणाऱ्या कोणालाही मी केंद्रच सुचवेन, जरी बहुतेकांना ‘आपल्या घरी निवांत वाटेल’ असे वाटत असले तरी.

घरून परीक्षा देताना कॅमेऱ्यातून खोली दाखवावी लागते, टेबल मोकळे ठेवावे लागते, कागद-पेन चालत नाही आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाता येत नाही. प्रश्न पुटपुटत वाचण्याचीही परवानगी नसते. इंग्रजी वाक्य ओठ हलवून वाचण्याची सवय असलेल्यांना तो नियम फार जाचतो. त्यात दारावर कुरिअरवाला येणे, सासूबाईंनी चहा घेऊन आत येणे, वीज जाणे. खोलीत दुसरे माणूस आले तर परीक्षा तेथेच थांबवली जाऊ शकते, आणि मग पेपर सोडवण्याऐवजी माझे अर्धे लक्ष दाराकडे होते.

केंद्रावर पुसून लिहिता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. परीक्षा सुरू होताच पोर्ट क्रमांक आणि सहा पायऱ्या त्यावर उतरवून काढा. आधी लिहायला परवानगी नसते. शक्य असेल तर आदल्या आठवड्यात केंद्र नुसते पाहून या, म्हणजे त्या दिवशी पत्ता शोधण्याची आणि पार्किंगची चिंता राहत नाही.

हिरवी_वेल

सर्वांचे मनापासून आभार. केंद्रावरच परीक्षा देण्याचे ठरवले आहे आणि गोळीचा विचार सोडला आहे. आणखी दोन शंका आहेत. सराव परीक्षेत ७५ टक्के गुण मिळाले म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी ६७५ ची पातळी गाठली, असे धरावे का, आणि नापास झाल्यास लगेच पुन्हा बसता येते का? शिवाय लग्नानंतर माझ्या आधार कार्डावर नवे आडनाव आहे आणि पॅन कार्डावर माहेरचे. त्याने काही अडेल का?

मदरबोर्ड

तसे धरू नका. ६७५ हा आकडा १०० ते ९०० या मोजपट्टीवरचा आहे, त्याचे थेट टक्क्यांत रूपांतर होत नाही. (कोअर २ साठी ७०० लागतात.) अनोळखी प्रश्नसंचावर, घड्याळ लावून, सातत्याने ८०-८५ टक्के मिळू लागले की तारीख घ्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तोच संच पुन्हा सोडवून मिळालेले गुण मोजू नका. ‘खरे प्रश्न’ म्हणून विकले जाणारे संच तर मुळीच घेऊ नका. ते उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

पहिल्या प्रयत्नानंतर दुसऱ्यासाठी थांबण्याची अट नाही, तिसऱ्यासाठी मात्र १४ दिवस थांबावे लागते. शुल्क दर वेळी पूर्ण भरावे लागते. निकालपत्रात कोणत्या मुद्द्यांवरील उत्तरे चुकली ते दिलेले असते, म्हणून दुसरा प्रयत्न ते कागद समोर ठेवून अभ्यास केल्यावरच करावा.

नावाचे काम मात्र आजच करा. परीक्षेच्या नोंदणीसाठी उघडलेल्या खात्यावरील नाव आणि आडनाव ओळखपत्राशी जुळले नाही, तर प्रवेश नाकारला जातो आणि शुल्कही जाते. निश्चितीच्या ईमेलमध्ये कोणती ओळखपत्रे आणि किती लागतील ते दिलेले असते. दोन मागितली असतील, तर दोन्हींवर एकच आडनाव हवे, म्हणजे पॅन दुरुस्त करून घ्या किंवा नव्या नावाचे दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र तयार ठेवा. आपल्याकडे अर्जात आडनाव आधी लिहितात. तसे येथे होऊ देऊ नका. तारीख बदलायची झाल्यास किमान २४ तास आधी बदलावी लागते, त्यामुळे त्या आठवड्यातील पाळ्यांचे वेळापत्रक हातात आल्याशिवाय बुकिंग करू नका.