बुधवारी रात्री खेळा, शनिवारी दुपारी परत पळा : टीव्हीच्या पैशापुढे पायांचं काय?

डावा_पाय (धागाकर्ता)

परवा मित्रांत यावरून जुंपली, म्हणून इथे काढतोय. नोव्हेंबर २०२० आठवा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला लिव्हरपूल क्लब बुधवारी, २५ तारखेला रात्री ८ वाजता घरच्या मैदानावर चॅम्पियन्स लीग या युरोपियन स्पर्धेत इटलीच्या अटालांटाशी खेळला, ०-२ हरला. शनिवारी २८ ला दुपारी १२:३० ला तेच लोक ब्रायटनच्या मैदानात उभे. मध्ये जेमतेम ६२-६३ तास, त्यात प्रवासही आला. लिव्हरपूलच्या मिल्नरचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला, शेवटच्या मिनिटांत पेनल्टी बसली, १-१. नंतर त्यांचा प्रशिक्षक क्लॉप या वेळेवरून कॅमेऱ्यासमोरच प्रक्षेपण करणाऱ्या चॅनेलच्या पत्रकाराशी भांडला.

ही वेळ येते कुठून? इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून. मग टीव्हीला उरतात १२:३० आणि ५:३०. पैकी १२:३० म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे ६. चहाभजी घेऊन बघायला झकास वेळ, मीही बघतो. पण बुधवारी युरोपियन स्पर्धेत खेळलेला संघ शनिवारी दुपारी नको, एवढं टीव्हीच्या करारात घालायला कुणाचं काय जातं? किमान ७२ तास द्या.

हिशेबनीस

जातं की! ज्याने पैसे मोजले त्याचं जातं. २०२५ पासूनचा चार वर्षांचा प्रीमियर लीगचा ब्रिटनपुरता टीव्ही करार ६.७ अब्ज पौंडांचा आहे. एवढी रक्कम देणारा 'कुठलीही मॅच चालेल हो' म्हणेल का? त्याला लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, आर्सेनल असे मोठे क्लबच हवेत.

आणि तो पैसा जातो कुठे तेही बघा. देशांतर्गत टीव्हीच्या रकमेतली निम्मी वीसही क्लबांत सारखी वाटतात, पाव क्रमांकाप्रमाणे, पाव किती मॅच टीव्हीवर दाखवल्या त्यावर. २०२३-२४ मध्ये शेफिल्ड युनायटेड तळाला राहून खालच्या लीगमध्ये गेले, तरी १० कोटी पौंडांच्या वर घेऊन गेले. खेळाडूंचे पगारही त्याच पिंपातून निघतात.

क्लॉपला त्या पत्रकाराने तेव्हाच सुनावलं होतं की करारावर सह्या तुमच्याच क्लबांच्या आहेत. तेही जाऊ दे. टॉटनहॅम आणि न्यूकॅसल या क्लबांचा लीग हंगाम १९ मे २०२४ ला संपला आणि २२ मे ला दोघं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मैत्रीपूर्ण सामना खेळत होते. तीन दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! तिकडे कुठल्या चॅनेलने बंदूक लावली होती? दमणूक फक्त दुसऱ्याच्या खिशात पैसे जाताना आठवते.

डावा_पाय

मेलबर्नचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिकडे सही करतो मालक आणि पळतो पोरगा. मी पोरग्याबद्दल बोलतोय.

टेप_आणि_बर्फ

पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे पळण्याचं इंधन, ९० मिनिटांनंतर नीट भरायला दोन-तीन दिवस लागतात. हॅमस्ट्रिंगचं काम ब्रेकचं. भरधाव पळताना पाय पुढे झेपावतो, टेकायच्या आधी त्याला आवरतो तो हा स्नायू. थकलेला ब्रेक उशिरा लागतो. त्यात रात्री ८ ची मॅच संपवून आलेल्या माणसाला झोप लागायला दोन-तीन वाजतात, म्हणजे पहिली रात्र अर्धी वायाच.

पण धागाकर्त्यांनी सगळा राग साडेबाराच्या मॅचवर काढलाय, तो मला पटत नाही. एक शनिवार वाईट गेला तर संघ बदलून निभावता येतं. वर्षाची बेरीज निभावत नाही. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात २०२४ पासून सहाच्या आठ मॅचेस झाल्या. वर फिफाचा ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप. चेल्सी १३ जुलै २०२५ ला अमेरिकेत तो जिंकले आणि १७ ऑगस्टला लीगची पहिली मॅच खेळले. पाच आठवड्यांत सुट्टी आणि हंगामाची तयारी दोन्ही बसवायची!

आणि कृपा करून कुणी मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीचा गुडघा पुरावा म्हणून आणू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये तो म्हणाला की खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि काही दिवसांत आर्सेनलविरुद्ध त्याचा लिगामेंट गेला. गोष्ट जुळते छान. पण तो कॉर्नरच्या वेळच्या झटापटीत गेला. तसा तो ताज्या पायांनीही जातो.

पेठेतला_स्टॉपर

भावांनो, लई ऐकलं. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या एकदा. लीग संपली की ही स्पर्धा, ती संपली की ती, टीम त्याच. एका स्पर्धेत मी मंगळवारी पूर्ण मॅच खेळलो आणि गुरुवारी परत उतरलो. साठाव्या मिनिटाला मांडीवर मागनं कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. रागानं वळून बघतोय तर मागं कोणच नाही. दीड महिना घरात. पगार नाही, फिजिओ नाही, आईनं तेल चोळलं (डॉक्टर म्हणाले तेच करायचं नव्हतं). त्यामुळं आठवड्याला लाखांत पौंड घेणाऱ्यांसाठी रडा म्हणू नका.

टेप_आणि_बर्फ

स्टॉपरभाऊ, तुम्ही धागाकर्त्यांचीच बाजू मांडलीत की! त्या दोन दिवसांनीच तुमचा पाय घेतला. पगार बघून स्नायू फाटत नाही.

पेठेतला_स्टॉपर

फाटत नाही, पण फाटल्यावर शिवतो कोण त्यात फरक पडतोय साहेब.

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. आमचं दुखणं तिसरंच. २२ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र आला, एफसी गोवाशी आशियाई स्पर्धेत. रोनाल्डो येईल म्हणून माझ्या भाच्याने ७ नंबरची जर्सी आठवडाभर आधी घेऊन ठेवली होती. तो आलाच नाही. गोवा १-२ हरला, ब्रायसनने आमचा एक गोल मारला. चाळिशीतल्या माणसाने पाय जपले, फिजिओसाहेब टाळ्या वाजवतील. पण विश्रांतीची किंमत चॅनेल देत नाही, तिकीट काढून बसलेला देतो.

आणि टीव्हीच्या पैशाला शिव्या घालणाऱ्यांनी आयएसएलकडे, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगकडे बघावं. व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढचं ठरत नव्हतं, म्हणून त्या जुलैतच हंगाम लटकवला. आमच्या पोरांना विश्रांती भरपूर मिळाली. कित्येक ठिकाणी सराव नव्हता, लीगच्या मॅच नव्हत्या, पगाराचा भरवसा नव्हता.

हिशेबनीस

मांडवीपार, दंडवत. माझा अर्धा प्रतिसाद तुम्हीच लिहिलात. राहिलेला अर्धा : २०२० मध्ये बाकी मोठ्या लीगनी पाच बदली खेळाडू चालू ठेवले, प्रीमियर लीग तीनावर परत आली. क्लॉप पाच मागत होता, शेफिल्डचा प्रशिक्षक वाइल्डर विरोधात होता, कारण पाच बदलींचा फायदा ज्याचा बाक जड, म्हणजे राखीव खेळाडू तगडे, त्यालाच. पाच आले २०२२-२३ मध्ये. म्हणजे पाय वाचवायचा फुकटातला उपाय दोन वर्षं क्लबांनीच अडवला. यात टीव्हीने काय केलं?

डावा_पाय

काही नाही केलं. क्लबांनाही धरा त्यात, मी कुठे नाही म्हणतोय? पण ७२ तासांना तुम्ही अजून नाही म्हणालेला नाहीत, नुसतं दुसरं कोण वाईट ते सांगताय.

हिशेबनीस

७२ तासांना हो. पण मग शनिवारवाले रविवारी येतील, रविवारची मॅच सोमवारी रात्री ढकलतील, लिव्हरपूलहून लंडनला आलेला प्रेक्षक शेवटची गाडी चुकवून स्टेशनवर झोपेल, आणि तुम्ही त्याचा धागा काढाल.

डावा_पाय

काढेन. आत्ता निघतो, ६ ला मॅच आहे.