मेडिकल-सर्जिकल सहा मार्कांनी राहिला. दाद मागू की गपचूप पुन्हा बसू?

थेंबे_थेंबे
बीएस्सी नर्सिंग, तिसरं सेमिस्टर. अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग १ (म्हणजेच मेडिकल-सर्जिकल) च्या थिअरीत ४४. इंटर्नल २५ पैकी ११, विद्यापीठाचे ७५ पैकी ३३. पासिंगला ५० लागतात. प्रॅक्टिकल सुटलंय. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती, ती आली. बेरीज बरोबर आहे, एकही उत्तर तपासायचं राहिलेलं नाही. आमच्याकडे रिव्हॅल्युएशन नाही, नुसतं रिटोटलिंग, म्हणजे तिथे काही होणार नाही.

पण दोन मार्कांचा एक प्रश्न असा: ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाईन) आठ तासांत द्यायचं, मिनिटाला किती थेंब? सेट कितीचा, म्हणजे एका मिलीला किती थेंबांचा, ते दिलंच नव्हतं. मी २० चा धरून २१ थेंब काढले, सूत्रासकट. शून्य. बहुतेक १५ चा धरून १६ उत्तर अपेक्षित होतं. वर्गातल्या बऱ्याच जणींचं असंच झालंय. तक्रार करावी का? घरचे म्हणतात, कॉलेजशी वैर घेऊ नकोस.

तासगावची_स्टाफ
कर! बिनधास्त कर. आपल्याकडे साध्या आयव्ही सेटचं पाकीट उलटून बघा, एक मिली म्हणजे २० थेंब असं छापलेलं असतं. १५ चा सेट पुस्तकात असेल, आमच्या वॉर्डात कधी आलेला नाही. जे रोज हाताने करायचं त्यालाच शून्य? गप्प बसलीस तर पुढच्या बॅचलाही हाच प्रश्न येईल.

नाईट_ड्युटी
ताई, तावातावाने बोलण्याआधी हिशोब करा. हिला हवेत सहा. हा प्रश्न जिंकली तरी मिळणार दोन. ४६ होतात. म्हणजे महिनोन्‌महिने अर्जविनंत्या करून ती नापासच राहणार. कशासाठी?

आणि आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नव्या नियमात पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसायच्या आधी मागचं सगळं सुटलेलं लागतं. वर्ग पुढे चालू राहतात, परीक्षा अडते. आता चौथं चालू असेल. डोकं तिकडे लाव.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडक्यात सांगतो. नियमात रिव्हॅल्युएशन नसेल तर तो हक्क म्हणून मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सांगितलं, तेही आपल्याच राज्याच्या एसएससी-एचएससी बोर्डाच्या केसमध्ये. २०११ मध्ये उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायचा हक्क मान्य झाला, पण बघणं वेगळं आणि मार्क वाढवून घेणं वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे, नियम गप्प असतील तर चूक उघड दिसणारी हवी, तर्काची लांबलचक साखळी लावून सिद्ध करावी लागणारी नको. तेही क्वचितच. तुझा थेंबांचा प्रश्न त्यात बसेल की नाही यावर दोन वकील दिवसभर भांडतील आणि फी तू देशील.

ट्यूटर_मॅडम
मी शिकवते, पेपरही तपासले आहेत. मुली, वाईट वाटून घेऊ नकोस. ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलीचे थेंब, दिलेला नसेल तर ‘सेट २० थेंबांचा गृहीत धरून’ असं शब्दांत लिहायचं असतं. नुसतं सूत्रात २० टाकलंस तर तपासणाऱ्याला ते पाठ केलेलं वाटू शकतं. वॉर्डात हेच होतं. पाकीट न बघता सवयीने थेंब लावणारी स्टाफ मायक्रो सेटला फसते, तिथे ६० थेंबांचा एक मिली. पेशंट लहान मूल असेल तर?

तासगावची_स्टाफ
मॅडम, मायक्रो सेटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मग प्रश्न काढणाऱ्याने सेट लिहिला नाही, त्याला किती मार्क द्यायचे? विद्यार्थिनीने गृहीतक लिहायचं आणि पेपरसेटरने नाही, हा कुठला न्याय! सूत्रात २० दिसतोय ना, मग एक तरी मार्क द्यायला काय झालं होतं?

ट्यूटर_मॅडम
एक द्यायला हवा होता. मी दिला असता.

नाईट_ड्युटी
म्हणजे ४५. अभिनंदन.

फिरता_पंखा
सगळे त्या आरएलच्या बाटलीला लटकलेत. खरी गळती ११ ला आहे. इंटर्नलचे २५ म्हणजे १० सततच्या मूल्यमापनाचे आणि १५ सेशनलचे, म्हणजे कॉलेजच्या लेखी परीक्षांचे. त्या १० मध्ये हजेरी, असाइनमेंट, सेमिनार सगळं येतं. हजेरी ९५ टक्क्यांच्या वर असेल तर हजेरीचे दोन्ही मार्क मिळायला हवेत. तुझं कुठे किती कापलं ते विचारलंस का? बाकीच्यांना किती आहेत?

थेंबे_थेंबे
बहुतेकींना १७-१८. माझी हजेरी पूर्ण आहे. एक असाइनमेंट उशिरा दिली होती, केअर प्लॅनची. इंटर्नलच्या मार्कांच्या यादीवर सही घेतली होती, पण हॉल तिकिटाच्या रांगेत, आमचे मार्क नीट बघू दिले नाहीत.

कोर्टाची_पायरी
मग इथे दम आहे. मात्र सही केली आहेस, ती तुझ्याविरुद्ध जाईल हे धरून चाल. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर लोकपालाकडे अपील करता येतं. आधी प्राचार्यांना साधं पत्र: इंटर्नलचा तपशील मिळावा. आवक क्रमांक घातलेली पोच घे. तोंडी काही बोलू नकोस.

नाईट_ड्युटी
आणि पुढच्या प्रॅक्टिकलला अंतर्गत परीक्षक कोण असणार? त्याच मॅडम. ओएससीईच्या (एकेका टेबलावर ठरावीक वेळेत कौशल्य दाखवायच्या परीक्षेच्या) स्टेशनवर पाच मिनिटांत काय झालं याची फोटोकॉपी निघत नाही, बरं का. मी भित्रा आहे म्हणा हवं तर. माझ्या बॅचच्या एकीने पत्र दिलं होतं, तिला पुढचं वर्षभर पोस्टिंगला सगळ्यात लांबचं पीएचसी मिळालं.

फिरता_पंखा
म्हणूनच दोन कागद वेगळे ठेवायचे. इंटर्नलचं पत्र तिने एकटीने, नम्रपणे, ‘पुनर्परीक्षेच्या तयारीसाठी तपशील हवा’ अशा भाषेत. थेंबांच्या प्रश्नाचं निवेदन सगळ्या वर्गाने, परीक्षा विभागाला. आणि पुनर्परीक्षेचा फॉर्म आजच भरायचा, पत्राच्या उत्तराची वाट बघत तारीख घालवायची नाही.

ट्यूटर_मॅडम
हे पटतं. निवेदनाला प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स आणि आयव्ही सेटच्या पाकिटाचा फोटो जोडा. ‘अन्याय’, ‘भरडले गेलो’ वगैरे शब्द नकोत. प्रश्नात ड्रॉप फॅक्टर नव्हता, सबब दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत, एवढंच. चार ओळी.

थेंबे_थेंबे
फॉर्म काल भरला. पत्र उद्या देते. निवेदनाच्या सह्यांसाठी ग्रुपवर मेसेज टाकलाय.

नाईट_ड्युटी
किती आल्या ते कळव. पास झालेल्या करणार नाहीत, पैज लावतो.