बाबांचं "चला", आणि मन नक्की असतं कुठे?

कंडक्टरची_लेक (ऐरोली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण दोन महिने डोक्यात घोळतोय म्हणून विचारतेच. माझे बाबा, वय ६९, ठाणे परिवहनच्या बसवर कंडक्टर होते. मार्चमध्ये स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे एकच शब्द उरलाय, "चला". पाणी हवंय, चला. पंखा बंद कर, चला. राग आला की तेच जोरात. आणि परवा तिन्हीसांजेला आईने दिवा लावून आरती सुरू केली तर बाबांनी मागून आख्खी आरती म्हटली, एक शब्द न चुकता, सुरात. मी भाजी चिरत होते, हातातली सुरी हातातच राहिली. आरती संपल्यावर धावत जाऊन विचारलं, बाबा पाणी देऊ? तर "चला".

आता घरात दोन पक्ष झालेत. आजी, म्हणजे बाबांची आई, नव्वदीच्या पुढची, ती त्यांच्या छातीवर हात ठेवून बसते आणि म्हणते जीव इथे असतो, माझा पोरगा आत आहे, डोक्याचं काय व्हायचं ते होवो. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरून सांगितलं की जे काय आहे ते सगळं मेंदूत. आणि सोसायटीतलं एकजण म्हणालं की त्यांना आता काही कळत नाही, ठाण्याला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, दाखवून बघा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर विचारायचं असं की माणूस मेंदूत असतो हे लोकांना कधी कळलं आणि कसं? आणि त्याआधी सगळ्यांना छातीतच का वाटायचं? मी कॉमर्सची, सोपं करून सांगा.

खाडीपलीकडे (कळवा)

ताई, आधी ते सोसायटीतलं बोलणं मनावर घेऊ नका. "ठाण्याला भरती कर" हे आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेलं असतं, शाळेत मीही मित्रांना म्हणायचो आणि आता त्याची लाज वाटते, कारण एक तर तिथे उपचार घेणारी माणसं काही थट्टेचा विषय नाहीत आणि दुसरं म्हणजे बाबांना झालंय ते वेगळं, त्याला वाचाघात म्हणतात, त्यात भाषा अडकते, माणूस नाही.

आणि आजीला चूक ठरवू नका. तिच्या बाजूने ॲरिस्टॉटल उभा आहे. त्याने कोंबडीची अंडी एकेका दिवसाने फोडून बघितली होती आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आत एक लाल ठिपका उडताना दिसला, तेच हृदय. सगळ्यात आधी हलतं ते, बंद पडलं की माणूस संपतो, भीती वाटली की धडधडतं, गरम असतं. उलट मेंदू हाताला थंड, आणि त्याला नुसता स्पर्श केला तर दुखत नाही. मग त्याने निष्कर्ष काढला की मेंदूचं काम रक्त थंड करणं. समोर जे दिसत होतं त्यावरून एखाद्या हुशार माणसाने हेच म्हटलं असतं.

इजिप्तवाले ममी करताना मेंदू नाकातून आकडा घालून काढून टाकायचे आणि हृदय मात्र जपून आत ठेवायचे हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्याच इजिप्तमधला सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित, आहे, १८६२ साली लक्सरमध्ये एडविन स्मिथने विकत घेतला म्हणून त्याच्याच नावाने ओळखतात. त्यात ४८ जखमी माणसांच्या नोंदी आहेत, डोक्यापासून खाली अशा क्रमाने. त्यात एकाच्या कानशिलाचं हाड फुटलंय आणि वैद्याने लिहून ठेवलंय की हा माणूस बोलत नाही. पुढे शेरा, यावर उपचार करता येणार नाही. ताई, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. म्हणजे मंदिरात एक समजूत आणि जखम बांधणाऱ्याच्या हाताखाली दुसरीच, आणि दोन्ही एकाच देशात.

माझ्या मते मेंदूचा सगळा इतिहास असाच आहे, तो जखमी माणसांनी शिकवलाय. ग्रीकांमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी २४०० वर्षांपूर्वी लिहिलं की फेफरं हा देवाचा कोप नाही, मेंदूचा आजार आहे, आणि आपलं हसू, आपलं दुःख सगळं मेंदूतूनच येतं. पण छातीवाले ऐकायला तयार नव्हते कारण आवाज तर छातीतून येतो ना, मग बोलणारा विचारही तिथलाच. त्याला उत्तर दिलं गॅलनने, हा इसवी सन १२९ मध्ये जन्मलेला, पेर्गामॉनमध्ये ग्लॅडिएटर लोकांचा डॉक्टर होता, त्यामुळे फाटलेली शरीरं रोज बघायचा. त्याने रोममध्ये चारचौघांसमोर जिवंत डुकराच्या मानेतल्या दोन बारीक नसा कापल्या. डुक्कर धडपडत राहिलं, श्वास चालू, हृदय चालू, फक्त ओरडणं एकदम बंद. प्रयोग क्रूर होता, वाचवत नाही, पण आवाजाची दोरी डोक्यातून येते हे तिथे सगळ्यांना दिसलं.

एवढं होऊनही मन आणि शरीर जोडलेत कुठे हे सुटलं नव्हतंच. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत आत्म्याची बैठक मांडली. त्याला १६४३ मध्ये बोहेमियाच्या राजकन्येने, एलिझाबेथने, पत्र लिहून साधा प्रश्न विचारला की ज्याला वजन नाही, आकार नाही, असा आत्मा हाडामांसाचा हात हलवतो कसा? देकार्तने उत्तरं पाठवली पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

रात्रपाळी_सिस्टर (नेरुळ)

मी आयसीयूला आहे, अकरा वर्षं. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आजीसारखं बोलणारे मला महिन्यात एकदा तरी भेटतात. ब्रेन डेड पेशंट असतो, व्हेंटिलेटरवर, मॉनिटरवर हिरवी रेघ चालू असते, छाती वरखाली होते, हात गरम. आणि आम्ही सांगतो की तुमचा माणूस गेला. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ब्रेन स्टेम डेथ, म्हणजे मेंदूचा देठ कायमचा बंद पडणं, हाच मृत्यू हे मान्य केलं, त्यासाठी ठरलेल्या डॉक्टरांचं पथक तपासण्या करतं आणि किमान सहा तासांनी सगळ्या पुन्हा करतं. त्या सहा तासात नातेवाईक माझ्याकडेच येऊन विचारतात, सिस्टर हात गरम आहे हो. एका काकूंनी माझा हात धरून मुलाच्या छातीवर नेऊन ठेवला होता, बघ म्हणाल्या, चालू आहे ना? मी नाही कसं म्हणणार, चालू तर होतं. मी त्यांच्याजवळ तशीच उभी राहिले.

१९६७ मध्ये केपटाऊनला डॉक्टर बर्नार्ड यांनी पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं आणि तो पेशंट शुद्धीवर येऊन बायकोशी बोलला, तोच माणूस, हृदय दुसऱ्याचं. हे नर्सिंगला शिकले तेव्हा माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. पण म्हणून आजीचा हात बाबांच्या छातीवरून काढू नका हं. स्पर्श पेशंटला लागतो.

जय_७७

हे सगळं आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं, मेंदू बिंदू सगळं. बाहेरच्यांनी नंतर स्वतःच्या नावावर खपवलं.

नौपाड्याचा_वैद्य

जयराव, मी आयुर्वेदच करतो, वीस वर्षं झाली, म्हणून हक्काने सांगतो की असं म्हणून आपण आपल्याच लोकांचं मोल कमी करतो. त्यांच्यात मतभेद होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. चरकसंहिता चेतना आणि मन हृदयाच्या आश्रयाला आहे म्हणते, आणि त्याच ग्रंथात डोक्याला उत्तमांग म्हणून सगळी इंद्रियं तिथे आहेत असंही म्हणते. सुश्रुतही चेतनेचं स्थान हृदयच सांगतो. आणि भेलसंहिता सरळ म्हणते मन डोकं आणि टाळू यांच्या मध्ये. म्हणजे आजी आणि डॉक्टर यांचं भांडण आपल्याकडेही होतंच, काही नवीन नाही.

ताई, तुमच्या बाबांचं वर्णनही चरकात आहे. वात शरीराची एक बाजू मारतो, उजवी किंवा डावी, हालचाल थांबते, वेदना होतात आणि वाणी अडकते. अर्धांगवायू या शब्दातला वायू तोच. लकवा हा अरबी शब्द, युनानी हकिमांकडून आला. आणि इंग्रजी स्ट्रोक म्हणजे फटका, आपल्या पक्षाघातातला आघातही तोच. एका आजाराला आपण तीन नावं घेतो आणि प्रत्येक नावामागे एकेक वैद्यकशास्त्र आहे. फक्त उजवी बाजू गेली तरच वाणी जास्त करून का जाते हे चरकाने जोडलं नाही, ते पुढच्यांनी जोडलं, आणि हे मान्य करण्यात कमीपणा काही नाही.

अजून एक सांगतो कारण मला ते फार आवडतं. न्यायदर्शनात मन हे अणूएवढं मानलंय, कारण काय तर एका वेळी दोन ज्ञानं होत नाहीत. मन एका इंद्रियाला चिकटलं की दुसरं बंद. ट्रान्सहार्बर लोकलला फोन बघत बसलो की "पुढील स्थानक रबाळे" कानावर पडतं पण ऐकू येत नाही आणि आपण घणसोलीला उतरतो. बृहदारण्यक उपनिषदात हेच आहे, माझं मन दुसरीकडे होतं, मी ऐकलं नाही. आणि सांख्यांनी तर मन, बुद्धी, अहंकार तिन्ही प्रकृतीत टाकले, जड बाजूला, आणि बघणारा पुरुष वेगळा ठेवला. म्हणजे देकार्तने रेघ मन आणि शरीर यांच्यामध्ये मारली, सांख्यांनी ती मनाच्याही पलीकडे मारली. त्या हिशोबाने बाबांचे शब्द गेले हे शरीराकडचं नुकसान. मी हे धीर द्यायला म्हणत नाहीये, मला खरंच तसं वाटतं.

स्पीचवाली (वाशी)

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, "चला" वाचून थांबलेच.

पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात लबॉर्न नावाचा एक माणूस होता, बूट बनवायचे लाकडी साचे करायचा, तिशीत बोलणं गेलं. एकच उच्चार राहिला, "तां". काही विचारा, "तां तां". लोक त्याला तां याच नावाने हाक मारायचे. एकवीस वर्षं तो तिथे होता. बोललेलं त्याला बरंचसं कळायचं, आकडे बोटांनी दाखवायचा, फार चिडला तर एक पूर्ण शिवी मात्र स्पष्ट निघायची. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला आणि सर्जन पॉल ब्रोका यांनी मेंदू उघडला, डाव्या बाजूला पुढे खराबी. थोड्याच महिन्यांत दुसरा पेशंट, पाचच शब्द उरलेला, त्याचीही जागा तीच. १८६५ पर्यंत ब्रोका म्हणाले की आपण डाव्या मेंदूने बोलतो. चरकाने न जोडलेला दुवा म्हणतात वैद्यबुवा, तो हा. १८७४ मध्ये वेर्निके यांनी उलटं दाखवलं, घडाघडा बोलतात पण अर्थ लागत नाही असे पेशंट, त्यांची जागा मागे. त्यामुळे "बोलत नाही म्हणजे कळत नाही" हे दीडशे वर्षांपूर्वीच खोटं ठरलंय, सोसायटीत सांगा. बाबांना नक्की किती कळतं ते मात्र तपासून घ्या, कधीकधी होकारार्थी मानही चुकीची हलते.

आणि लबॉर्नचा मेंदू जपून ठेवलाय, २००७ मध्ये त्याचा एमआरआय झाला तेव्हा दिसलं की इजा ब्रोकांना वाटली त्यापेक्षा बरीच खोल गेली होती. म्हणजे बोलणं एका डबीत ठेवलेलं नाही, लांबवर वायरिंग आहे.

आता "चला". लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी असे उरलेले शब्द जमवले होते. एक रेल्वेचा सिग्नलवाला होता, केबिनसमोर रुळावरच त्याला झटका आला, त्याच्याकडे पुढे फक्त "माझ्याकडे या" अशा अर्थाचे शब्द उरले. एकजण ग्रंथांची यादी करत होता, त्याचं उरलं "यादी पूर्ण". जॅक्सन यांचं म्हणणं असं की नवं वाक्य जुळवून बोलणं वेगळं आणि सवयीने आपोआप निघणारं बोलणं वेगळं, पहिलं गेलं तरी दुसरं टिकतं. शिव्या, आकडे, प्रार्थना, गाणी. स्वीडनमध्ये तर १८व्या शतकातच नोंद आहे, उजवी बाजू गेलेला, बोलता न येणारा माणूस प्रार्थनागीतं म्हणायचा. तुमच्या स्वयंपाकघरात झालं ते हेच. आरती बाबांनी आयुष्यभर म्हटली, "चला" त्याहून जास्त वेळा.

यावरूनच १९७० च्या दशकात अमेरिकेत सूर लावून बोलायला शिकवायची पद्धत निघाली. छोटं वाक्य घ्या, रोज लागणारं, दोनच सूर, वर आणि खाली, आणि त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका. "पा-णी दे". आधी तुम्ही, मग दोघं मिळून, मग तुम्ही हळूच थांबायचं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि तुमच्या थेरपिस्टला विचारूनच करा.

कंडक्टरची_लेक (ऐरोली)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तराला, फिजिओच्या वेळा बदलल्या होत्या.

त्या जॅक्सनच्या सिग्नलवाल्याचं आईला वाचून दाखवलं. ती उठली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बाबांचं जुनं तिकीट पंच काढलं आणि त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने दाबलं, टक. मग बराच वेळ टक टक टक. आजी म्हणाली आता खिडकीकडे बघतोय तसाच बघायचा, घरी आला की.

"पाणी दे" चौदा दिवस केलं. अजून "पा" वर अडतं. पण काल फिजिओ त्यांना वॉकर धरून पॅसेजमधून नेत होता, मी मागे होते, लिफ्टपाशी ते थांबले आणि म्हणाले, "पुढे चला".

सिस्टर, आजीचा हात अजून तिथेच असतो.

स्पीचवाल्या ताई, "पुढे" हा नवीन धरायचा का आपोआपवाला? आणि पुढचं वाक्य कोणतं घेऊ?

स्पीचवाली (वाशी)

आपोआपवाला असणार, तरी वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढचं "चहा दे" घ्या, "चला" मधला "च" त्यांच्या तोंडात तयार आहे.